सावकाश बायबल वाचन : 'वर्षभरात संपवा' तक्त्याला यंदा सुट्टी दिलीय, अजून कोणी करतंय का? (खान्देशवाले या)

तापीकाठ
जय ख्रिस्त मंडळी. आमची घरसभा अमळनेरला शनिवारी संध्याकाळी भरते, सात-आठ घरं, कधी पाहुणे धरून जास्त. दर जानेवारीला तोच तक्ता वाटला जातो, वर्षभरात अख्खं पवित्र शास्त्र. ११८९ अध्याय, ३६५ दिवस, म्हणजे रोज तीन-चार अध्याय पडतात. उत्पत्ती एकदम जोरात, निर्गमला समुद्र दुभंगेपर्यंत सगळे हजर, मग लेवीय चालू होतं आणि घराच्या भिंतीवरच्या चट्ट्यांचे नियम आले की निम्मी मंडळी गळते, उरलेली मंडळी टिका मारत पुढं सरकते. टिक मारली म्हणजे वाचलं.
यंदा आम्ही ठरवलं की फक्त मार्कचं शुभवर्तमान घ्यायचं. १६ अध्याय, वर्ष लागलं तर लागलं. एका बैठकीला दहा-पंधरा वचनं. एकजण मोठ्यानं वाचतो, मग सगळे गप्प, मग दुसरा कोणी तेच परत वाचतो, मग ज्याला जे वचन किंवा जो शब्द धरून ठेवतो तो त्यानं फक्त म्हणायचा, भाषण द्यायचं नाही. मग तिसऱ्यांदा वाचन आणि त्यातूनच प्रार्थना. बस.
काहींना फार आवडलंय. आमच्या एका वडीलधाऱ्या काकांना अजिबात नाही, ते म्हणतात ह्यात शिकवण कुठंय, नुसते बसून राहता. आणि मधल्या शांततेत लोकांची फार चुळबूळ होते, कोणी खोकतं, कोणी मोबाईल उलटा करून सुलटा करतं. तुमच्याकडे कोणी असं करतं का, कसं करता, लिहा.

शेवभाजी_प्रेमी
पहिला! वाचतोय. (आणि अमळनेरला घरसभेनंतर जेवण असतं का ते पण सांगा)

भुसावळ_जंक्शन
आमच्याकडे रेल्वेमुळे कॅथलिक मंडळी जुनी आहे, आणि तुम्ही जे करताय ते आमच्यात नाव घेऊन करतात, लेक्सिओ दिविना, लॅटिनमध्ये पवित्र वाचन. बाराव्या शतकात फ्रान्समध्ये कार्थुसियन संघाचा ग्विगो दुसरा म्हणून मठाधिपती होता, त्यानं एका पत्रात ह्याची शिडी मांडली, चार पायऱ्या : वाचन, मनन, प्रार्थना, आणि मग नुसतं देवासमोर असणं. पण पद्धत त्याच्याही आधीची, सहाव्या शतकात बेनेडिक्टनं मठासाठी नियम लिहिले त्यातल्या ४८ व्या प्रकरणात रोजच्या हातकामाच्या तासांबरोबर वाचनाचे तास ठरवून दिलेत. म्हणजे शेतातलं काम आणि वाचन एकाच वेळापत्रकात. १९६५ ला कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं तर सरळ सांगितलं की हे फक्त फादर-सिस्टर लोकांचं काम नाही, सगळ्या भाविकांनी शास्त्र वाचावं आणि वाचनाबरोबर प्रार्थना असावी.
गंमत म्हणजे त्याच ४८ व्या प्रकरणात असं पण आहे की उपवासकाळात प्रत्येकाला एक पुस्तक द्यायचं आणि त्यानं ते सुरुवातीपासून शेवटपर्यंत ओळीनं वाचायचं. म्हणजे तक्तेवाल्यांनी फार वाईट वाटून घेऊ नये, तक्ता तेव्हा पण होता 😄
जुने मठवासी ह्या मननाला गाईच्या रवंथाची उपमा द्यायचे. घाईनं पोटात ढकललेलं परत तोंडात आणून चावायचं.
फक्त एक सांगतो, त्या चार पायऱ्या घड्याळ लावून करू नका. एका शिबिरात छापील कागद दिला होता, वाचन ५ मिनिटं, मनन १० मिनिटं, आणि एकजण घंटा वाजवत होता. प्रार्थना अर्धी तोंडात आणि घंटा. तसलं काही नको.

सरळवाट
तापीकाठ भाऊ, राग मानू नका पण स्पष्ट बोलतो. हे सगळं वरच्या प्रतिसादात आलंच आहे की हे मठातलं आहे. आपल्या मंडळ्यांमध्ये बायबल स्टडी असते, वचन समजून घ्यायचं, मागचापुढचा संदर्भ बघायचा, आज्ञा पाळायची. हे गप्प बसणं, एक शब्द धरून ठेवणं, हे मला तरी मंत्रजप आणि ध्यानधारणेसारखं वाटतं. उद्या कोणी म्हणेल डोळे मिटा, मन रिकामं करा. मला तुमच्या काकांचं पटतं.

निळी_डायरी
सरळवाट दादा, मन रिकामं करायला कोणी सांगतच नाहीये ना. उलट वचनानं भरायचं आहे. पहिलं स्तोत्र उघडा, धन्य कोण तर जो रात्रंदिवस मनन करतो तो. मठ तेव्हा कुठं होते?
आणि मठाची भीती वाटत असेल तर ल्यूथरचं बघा, प्रोटेस्टंट मंडळींचे मूळपुरुष, आपलेच ना ते. १५३९ मध्ये त्यांच्या जर्मन लिखाणाचा संग्रह निघाला त्याच्या प्रस्तावनेत त्यांनी शास्त्र कसं शिकावं ह्याच्या तीन गोष्टी दिल्यात, प्रार्थना, मनन आणि परीक्षा. मननाबद्दल तर ते म्हणतात की एकदोनदा वाचलं म्हणजे झालं असं समजू नका, मोठ्यानं म्हणा, परत परत म्हणा, शब्द घासून बघा. ह्यातली तिसरी गोष्ट मला सगळ्यात खरी वाटते. परीक्षा म्हणजे आयुष्यात मार बसतो तेव्हा तेच वचन वेगळं ऐकू येतं. सासरे आजारी होते तेव्हा मी जे वचन आधी शंभर वेळा डायरीत उतरवलेलं होतं तेच मला पहिल्यांदा कळलं, पण ते इथं लिहीत नाही, फार मोठं होईल.
डायरी नक्की ठेवा असं सगळ्यांना सांगते. सुंदर अक्षरात नाही, भाजीच्या हिशोबाच्या वहीत पण चालेल.

सरळवाट
ल्यूथरचं माहीत नव्हतं. बघतो. पण संदर्भाचा मुद्दा उरतोच.

रात्रपाळी
मी नंदुरबार जिल्ह्यात नर्स आहे. मला घरसभा मिळत नाही, ड्युटीच तशी आहे, पण वॉर्ड शांत असला की पहाटे तीन-साडेतीनच्या सुमारास थोडं वाचते, एक परिच्छेद, कारण त्यापेक्षा जास्त वाचायला मिळतच नाही, कोणीतरी बेल वाजवतं किंवा सलाईन संपतं. म्हणजे सावकाश वाचन मी ठरवून नाही, नाईलाजानं शिकले.
मार्क चालूय म्हणालात म्हणून पाचव्या अध्यायाचं सांगते, याईराच्या मेलेल्या मुलीला येशू उठवतो ते. लहानपणी संडेस्कूलमध्ये चित्र रंगवलं होतं, पुढं किती प्रवचनं ऐकली, सगळ्यांचा जोर 'तलीथा कूम' (मुली, ऊठ) वर. मुलगी उठली, चालायला लागली, वय बारा. (आणि त्याच अध्यायात ती रक्तस्रावाची बाई, ती पण बारा वर्षं आजारी. एक जन्मली तेव्हापासून दुसरी भोगतेय. हे पण मला सावकाश वाचतानाच दिसलं, कारण एका रात्री एक गोष्ट वाचली आणि दुसऱ्या रात्री दुसरी, आकडा डोक्यात राहिला होता.) आणि मग अगदी शेवटची ओळ. सगळे थक्क होऊन उभे आहेत, आणि येशू म्हणतो हिला काहीतरी खायला द्या.
आता हे कोणाला दिसेल? ज्यानं तापातून उठलेलं पोर बघितलंय त्याला. घरचे रडत असतात, देवाचे आभार मानत असतात, डॉक्टर राऊंड घेऊन निघून जातात आणि पोरगं बिचारं भुकेलं असतं. आम्ही विचारतो, सकाळपासून काही दिलं का पोटात? ती ओळ वाचल्यावर मी पुढं वाचलंच नाही, म्हणजे वाचायची गरजच वाटली नाही, उठून वॉर्डात एक चक्कर मारली. माझी प्रार्थना तीच. काकांना सांगा शिकवण ही अशी पण असते.

तापीकाठ
ताई हे मी शनिवारी मोठ्यानं वाचून दाखवणार, तुमचं नाव न सांगता. आमचा पाचवा अध्याय होऊन गेला आणि खायला द्या कोणाच्याच नजरेत आलं नाही.

खान्देशी_पोऱ्या
तुम्ही लोके लई मोठं मोठं लिखतस भो. मना बापले वाचता येत नही, पन तेले कितला तरी स्तोत्रं पाठ शेतस, आजीनी शिकाडेल. मी तेले मोबाईलवर वाची दाखाडस. जरासं बेगी वाचं का तो लगेच म्हनस, थांब रे, मांगे जाय, काय म्हने तो? मंग परत वाचो. एक स्तोत्र वाचाले आख्खी संध्याकाय जास. हाई जर तुमनं ते लॅटिन नाववालं व्हई तर मना बाप पयलेपासून करस.

भुसावळ_जंक्शन
हाच खरा मठाधिपती 🙏 आणि पूर्वी बरेचजण मोठ्यानं वाचायचे. ऑगस्टीननं लिहून ठेवलंय की अँब्रोज बिशप ओठ न हलवता वाचत बसायचा आणि बघणाऱ्यांना त्याचं नवल वाटायचं. चौथं शतक. आपणच आता मोबाईलवर अंगठ्यानं वाचतो.

मोटारवाला_यावल
केळी आणि थोडी कपाशी. शेतीला लाईट आमच्याकडे आठवड्याआड रात्रीची असते, ज्यानं अनुभवलंय त्याला सांगायला नको. मोटार चालू करून शेडमध्ये बसायचं, ठिबकचा कॉक बदलायचा, परत बसायचं, बिबट्याची भीती आहे म्हणून बॅटरी सोबत आणि रेडिओसारखं काहीतरी वाजत ठेवायचं. मी आधी गाणी लावायचो, मग बायबल ऑडिओ लावायला लागलो. पण ऑडिओ पुढं पळतो, आपण कॉक बदलून येईपर्यंत तो दोन स्तोत्रं पुढं. म्हणून मी आता एकच स्तोत्र घेतो आणि तेच लावत बसतो रात्रभर.
१२१ वं स्तोत्र तुम्हाला माहीतच असेल, डोंगरांकडे नजर लावतो, मला मदत कुठून येईल. आमच्या शेतातून उत्तरेला सातपुडा दिसतो, चांदणं असलं की काळी रेघ. लहानपणापासून मला वाटायचं की डोंगर म्हणजेच मदत, डोंगर बघून धीर येतो असा अर्थ. ऐकता ऐकता लक्षात आलं की तो तर प्रश्न विचारतोय! डोंगराकडं बघतो आणि विचारतो मदत कुठून येणार. यरुशलेमला पायी निघालेल्या लोकांची आरोहण-स्तोत्रं आहेत ही, १२० ते १३४, आणि वाटेतल्या डोंगरात लुटारू पण असतील, जनावरं पण. त्याला डोंगराची भीतीच वाटत असेल कदाचित. उत्तर पुढच्या ओळीत आहे, आकाश आणि पृथ्वी ज्यानं केली त्याच्याकडून.
आणि मग तुझा रक्षक डुलकी घेत नाही, झोपत नाही. ते मी ज्या वेळेला ऐकतो त्या वेळेला मलाच डुलकी येत असते. तेव्हा बरं वाटतं की कोणीतरी जागं आहे. ह्यापेक्षा जास्त मनन मला येत नाही. लाईट गेली की घरी.

जुना_पाळक
सेवानिवृत्त आहे, धुळ्यात राहतो. सगळं वाचून आनंद झाला. पण सरळवाट ह्यांच्या मुद्द्याला इथं सगळ्यांनी बगल दिलीय ते मला बरं वाटलं नाही म्हणून लिहितो.
सावकाश वाचनात एक धोका आहेच. एक वचन उचललं, आपल्या मनात जे होतं ते त्यात ओतलं आणि म्हटलं प्रभू माझ्याशी बोलला. प्रत्येक मंडळीत कॅलेंडरवर, लग्नाच्या पत्रिकेवर, रिक्षाच्या काचेवर यिर्मया २९:११ असतं, तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत. फार गोड. पण त्याच्या आधीचं दहावं वचन कोणी छापत नाही, त्यात सत्तर वर्षं लिहिली आहेत. हे बाबेलला धरून नेलेल्या लोकांना लिहिलेलं पत्र आहे आणि त्यात पाचव्या वचनापासून सांगितलंय की घरं बांधा, बाग लावा, पोराबाळांची लग्नं करा, ज्या शहरात नेऊन टाकलं त्या शहराचं भलं मागा, कारण एवढ्यात सुटका नाही. पत्र ऐकणारे बहुतेकजण तिथंच मरणार होते. आता हे कळल्यावर अकरावं वचन हलकं होतं का? मला तर जास्त जड वाटतं. पण ते नोकरीचा कॉल येण्याचं वचन राहत नाही.
सावकाश म्हणजे तुकडा तोडून चघळणं नव्हे. हे लक्षात घ्या की अध्यायांचे आकडे तेराव्या शतकातले आणि नव्या कराराच्या वचनांचे आकडे १५५१ चे, पॅरिसच्या एस्तिएन नावाच्या मुद्रकानं घातलेले. मार्कनं लिहिलं तेव्हा सलग होतं, आणि सलगच ऐकवलं जायचं. म्हणून माझं म्हणणं, तुम्ही मार्क सुरू केलंय तर एखाद्या सुटीच्या दिवशी सगळ्यांनी बसून ते एका दमात मोठ्यानं वाचा, दीड-दोन तास पुरतात. मग सावकाश या.
उदाहरण देतो. आठव्या अध्यायात बेथसैदाचा आंधळा आहे, त्याला एकदा हात लावल्यावर धूसर दिसतं, माणसं चालत्या झाडांसारखी, मग दुसऱ्यांदा हात लावावा लागतो. दहाव्याच्या शेवटी बार्तीमय. ह्या दोन आंधळ्यांच्या मधे काय आहे तर येशू तीन वेळा आपल्या मरणाबद्दल सांगतो आणि शिष्यांना तिन्ही वेळा दिसत नाही. पहिल्यांदा पेत्र त्याला दटावतो, दुसऱ्यांदा ते मोठा कोण ह्यावर भांडत असतात, तिसऱ्यांदा याकोब आणि योहान खुर्च्या मागतात. डोळस लोक आंधळे आणि दोन टोकांना दोन आंधळे. हे एकेक परिच्छेद घेऊन दिसणार नाही, सलग वाचल्यावरच दिसतं.

सरळवाट
पाळकसाहेब, हेच म्हणायचं होतं मला, मला नीट मांडता आलं नाही. धन्यवाद.

तापीकाठ
पाळकसाहेब सलाम. एका दमात वाचनाची कल्पना घेतली. पण उलटं पण होतं हो, ते सांगतो. आमच्यात एक निवृत्त शिक्षिका आहेत, त्यांनी आम्हा सगळ्यांना शाळेत मराठी शिकवलंय, अजून कोणी चुकीचं वाचलं की चष्म्यावरून बघतात. आम्ही क्रमानंच जातो म्हणून एका शनिवारी जब्दीचे मुलगे याकोब-योहान आले, पुढच्याला बार्तीमय. बाई बार्तीमय ऐकता ऐकता एकदम म्हणाल्या, अरे हा प्रश्न मागच्या आठवड्यात पण होता! उलटं पान काढलं. याकोब-योहानाला येशू विचारतो मी तुमच्यासाठी काय करावं अशी तुमची इच्छा आहे, आणि बार्तीमयाला पण तोच प्रश्न, जवळजवळ त्याच शब्दात. एकानं मागितल्या उजव्या-डाव्या हाताच्या जागा, दुसऱ्यानं मागितली दृष्टी. १०:३६ आणि १०:५१.
हे मी सलग वाचताना कित्येक वेळा ओलांडून गेलोय. आठवडाभर ते वाक्य कानात राहिलं म्हणून बाईंना सापडलं. त्या दिवशी सगळ्यांनी तोच प्रश्न स्वतःला लावून घेतला, आणि काय मागितलं ते मोठ्यानं सांगायचं नाही असं ठरलं, नाहीतर सगळे बार्तीमयासारखं छान छान मागतात.

नवापूरकर
बार्तीमय निघालाच आहे तर थांबा, मला पण लिहायचंय.
आमच्या गावात निम्मी घरं दिवाळीनंतर कुलूपबंद, सगळे गुजरातला ऊस तोडायला, कोयता घेऊन. पावसाळ्याच्या तोंडावर परत. त्यामुळे आमची सभा खरी भरते ती पावसाळ्यात, भाताची लावणी आटोपल्यावर. वाचन मराठीत करतो आणि बोलणं सगळं आमच्या मावची बोलीत. वाचता येणारे कमी आहेत म्हणून एकच परिच्छेद तीन-चार वेळा वाचावाच लागतो, पहिल्या वेळेला म्हातारी मंडळी मराठी ऐकतात, मग कोणीतरी मावचीत सांगतं, मग ते म्हणतात परत वाच.
बार्तीमयाची गोष्ट वाचली. लोक त्याला गप्प बस म्हणतात, तो जास्तच ओरडतो, येशू थांबतो, त्याला बोलवा म्हणतो, आणि तो आपलं वस्त्र टाकून उडी मारून उठतो. मी वाचून पुढं गेलो. मागून एक दादा म्हणाले थांब. कपडा टाकला म्हणजे कुठं टाकला?
मी म्हटलं तिथंच, रस्त्यावर.
ते म्हणाले, आंधळा माणूस, गर्दीत कपडा टाकून गेला, तो त्याला परत सापडेल का? आम्ही पडावात गोधडी एकमेकांच्या उशाला बांधून झोपतो, पाण्याला गेलो तरी बाईमाणूस गोधडीजवळ बसवून जातो. गोधडी गेली तर थंडीत फडावर कसं राहायचं. त्याचं तेच घर होतं, भिकेचे पैसे पण त्याच्यावरच पडत असतील. आणि त्यानं अजून डोळे मिळाले नव्हते तेव्हाच टाकला. बरा होईल का नाही माहीत नव्हतं त्याला.
सगळे चूप. मग त्या दादांच्या बायकोनं प्रार्थना केली, मावचीत, लहानशी, की प्रभू आम्हाला गोधडी सोडायला अजून भीती वाटते. आमेन पण नीट कोणी म्हटलं नाही.
पाळकसाहेबांचं संदर्भाचं पटतं. पण हा पण संदर्भच आहे ना, की रस्त्यावर झोपणाऱ्याला कपडा म्हणजे काय हे कोणाला माहीत आहे. ते आम्ही शिकलेल्यांनी पुस्तकात शोधायचं आणि त्या दादांनी सांगायचं.

जुना_पाळक
नवापूरकर, मान्य. पूर्ण मान्य. ह्या उताऱ्यावर मी कित्येक वेळा संदेश दिलाय आणि दर वेळी जोर 'तुझ्या विश्वासाने तुला बरे केले आहे' ह्यावर. ते चूक नाही. पण पुढच्या वेळी ह्या दादांना बोलवीन.

रात्रपाळी
अंगावर काटा आला.

मुक्ताईनगरकर
मी ख्रिस्ती नाही, वारकरी घरातला आहे, धागा वर आला म्हणून वाचला आणि शेवटपर्यंत वाचला. आमच्याकडे पण हाच वाद आहे बरं का. ज्ञानेश्वरीचं सात दिवसांचं पारायण असतं, व्यासपीठ चालक पुढं असतो, शेकडो लोक एका सुरात वाचतात, वेग असा की नवीन माणसाला ओळ सापडत नाही. आणि त्याच मंडपात रात्री कीर्तन, तिथं महाराज एकच अभंग घेतात आणि दोन तास त्याच्यावर. सकाळी हजारो ओव्या, रात्री चार चरण. आमची आजी म्हणायची पारायणानं सवय लागते आणि कीर्तनानं कळतं. तुमच्यात कीर्तन नसतं का?

निळी_डायरी
असतं की दादा! रेव्हरंड ना. वा. टिळकांनी ख्रिस्ती कीर्तनाला चांगलं वळण लावलं, स्वतः करायचे. आता आमच्याकडे कमी झालंय, कीबोर्ड आणि ड्रम आले. पण तुमचं ते सकाळी-रात्री दोन्ही, हे फार आवडलं. तापीकाठ भाऊ, तुमचा तक्ता आणि तुमचं मार्क ह्यांची भांडणं लावायची गरजच नाही म्हणजे.

शेवभाजी_प्रेमी
आजींचं वाक्य लिहून घेतलं. बाकी डिसेंबर चालूय, वांग्याचं भरीत आणि कळण्याच्या भाकरीबद्दल कोणी का बोलत नाहीये ह्या धाग्यावर? आमच्याकडे सभा संपल्यावर भरीत पार्टी ठरली की सभा बरोबर पाऊण तासात संपते, शांतता वगैरे काही राहत नाही.

संपादक_मंडळ
भरितासाठी पाककृती विभागात धागा आहे, कृपया तिकडे. इथं विषयावर बोला.

शेवभाजी_प्रेमी
बरं. विषयावर प्रश्न : घरात लहान पोरं असतील तर हे शांत वाचन कसं जमवायचं? सिरीयस विचारतोय. बायको आणि मी दोघं प्रयत्न करतोय, तीन वर्षांची मुलगी आहे, आम्ही डोळे मिटले की ती पापण्या उघडून बघते.

रात्रपाळी
मग तिलाच वाचनात घ्या. गोष्टीतलं तिला काय दिसलं ते विचारा. मुलं परत सांग परत सांग म्हणतात तेच तर हवंय. वादळाची गोष्ट सांगा, चौथा अध्याय, येशू नावेत उशी घेऊन झोपलाय. उशीवर ती नक्की अडकेल, आमची भाची अडकली होती, कोणाची उशी, कोणी आणली.

निळी_डायरी
आणि पोरगी झोपल्यावर करू म्हणू नका, तुम्ही पण झोपाल. मी कणीक भिजवताना एक वचन घेते, हात गुंतलेले असतात म्हणून मोबाईल पण घेता येत नाही. पोळ्या होईपर्यंत तेच.

मोटारवाला_यावल
तापीकाठ भाऊ त्या शांततेच्या चुळबुळीचं काय झालं? मूळ प्रश्न तोच होता ना, बाकी सगळं बोलून झालं.

तापीकाठ
हो खरंय. माझं आत्तापर्यंतचं मत असं की चुळबूळ होऊ द्यावी. सुरुवातीला मी फार अस्वस्थ व्हायचो, वाटायचं काहीतरी बोलून ती शांतता भरावी, आणि मी बोललो की सगळे माझ्याकडेच बघायचे, म्हणजे परत एकच माणूस शिकवणारा आणि बाकीचे ऐकणारे. आता वाचणाऱ्यालाच सांगितलंय की तू मनात प्रभूची प्रार्थना सावकाश म्हण, ती झाली की पुढच्याला खूण कर. घड्याळ नाही, घंटा नाही (भुसावळ_जंक्शन ह्यांना नमस्कार). मोबाईल दाराजवळच्या स्टुलावर, ज्यांचं कोणी दवाखान्यात आहे त्यांचा सोडून. आणि बाहेर लग्नाचा डीजे असला तर सरळ मोठ्यानं वाचन दोनदा जास्त करतो, गप्प बसण्यात काही अर्थ नसतो तेव्हा.
काकांचं पण थोडं जमलंय. ते शब्द सांगायच्या वेळेला काही बोलत नाहीत, हाताची घडी. पण मागच्या शनिवारी प्रार्थनेच्या वेळी त्यांनी वाचलेलंच वचन धरून प्रार्थना केली आणि मग शेवटी मलाच म्हणाले की पुढच्या वेळी मागचापुढचा अध्याय पण वाचून या. येतो म्हटलं.

सरळवाट
काकांना माझा नमस्कार सांगा. मार्क संपल्यावर काय घेणार?

तापीकाठ
त्यावर दोन पार्ट्या आहेत. तरुण मंडळी म्हणते याकोबाचं पत्र, पाचच अध्याय. बाई म्हणतात ११९ वं स्तोत्र, आठ-आठ वचनांचे बावीस भाग, १७६ वचनं, दर आठवड्याला एक भाग बरोबर बसतो. काकांचं म्हणणं लेवीय.

खान्देशी_पोऱ्या
काकासले सांगा लेवीय लेवा पन भरीतना दिन नका ठेवा, तठे चरबीनं आख्खं वर्णन शे 😂

शेवभाजी_प्रेमी
संपादक मंडळ, भरीत मी नाही काढलं ह्या वेळी.

जुना_पाळक
लेवीय घ्या की, १९ वा अध्याय तरी घ्या. शेताचे कोपरे कापू नका, पडलेलं वेचू नका, गरिबाला आणि परक्याला राहू द्या. कापूस वेचणीच्या दिवसात वाचा, शेतकऱ्यांनी भरलेल्या घरात. मी येईन, अमळनेरला बसनं दीड तास. शनिवार चालेल, फक्त आठच्या आत सोडा, परतीची गाडी चुकते.